लोहमार्गावरील जोखमीचे स्थलांतर : बीड जिल्ह्यातील दोन मार्गांच्या निमित्ताने

बीड जिल्ह्यात आज दोन लोहमार्ग आहेत आणि त्या दोहोंच्या वयात कित्येक पिढ्यांचे अंतर आहे. पूर्वेकडील परळी वैजनाथ हे स्थानक निजामाच्या राज्यातील रेल्वेने विकाराबाद-बीदरच्या बाजूने आणलेल्या मार्गावर असून ते दक्षिण मध्य रेल्वेच्या अखत्यारीत येते. पश्चिमेकडून येणारा अहमदनगर-बीड-परळी हा सुमारे २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५-९६ साली मंजूर झाला. त्यातील आष्टीपर्यंतचा ६६ किलोमीटरचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ रोजी प्रवासी वाहतुकीस खुला झाला, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे (अहमदनगरचे हे नाव २०२४ पासूनचे) पहिली गाडी सुटली. मंजुरी आणि पहिली गाडी यांमध्ये तीस वर्षे गेली. या विलंबाची मीमांसा पुष्कळ झाली आहे. मात्र मार्ग सुरू होताच जिल्ह्याच्या जीवनात कोणते नवे धोके आले आणि कोणते जुने धोके दुसरीकडे सरकले, या प्रश्नाकडे तितके लक्ष गेलेले नाही.

प्रथम परिभाषेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. रेल्वेच्या हिंदी कारभारात ‘संरक्षा’ व ‘सुरक्षा’ असा भेद करतात. अपघातापासून रक्षण ती संरक्षा आणि चोर, दरोडेखोर, घातपाती यांपासून रक्षण ती सुरक्षा. मराठीत हा भेद रुळलेला नाही, व त्यामुळे होणारा वैचारिक गोंधळ लहान नाही. तसेच ‘धोका’ आणि ‘जोखीम’ हे शब्द आपल्याकडे सरमिसळ वापरले जातात. शास्त्रीय विवेचनात धोका म्हणजे अनर्थ घडविण्याची वस्तूच्या अंगची क्षमता. नदीवरील पूल, डिझेलची टाकी, उतारावर उभी असलेली वाघीण ही धोक्याची स्थाने होत. जोखीम मात्र दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : अनर्थ घडण्याची संभाव्यता आणि घडल्यास होणाऱ्या हानीचे परिमाण. ‘जोखीम’ या शब्दाशेजारी ‘जोखणे’ हे क्रियापद ठेवून पाहिले, म्हणजे या शास्त्राचा गाभा ध्यानात येतो. जे जोखता येत नाही, त्याचे व्यवस्थापनही करता येत नाही.

रेल्वेतील संरक्षेचा इतिहास मुख्यतः टकरीच्या भीतीने घडविलेला आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीच्या गाडीचे मागील डबे उतारावरून घसरत गेले व पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळून ८० माणसे मेली. त्यापूर्वी एका गाडीनंतर ठराविक मिनिटांनी दुसरी सोडण्याची वहिवाट होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून तीन गोष्टी सक्तीच्या केल्या : एका खंडात एका वेळी एकच गाडी, सांधे व सिग्नल यांची यांत्रिक सांगड, आणि सर्व डब्यांना लागणारे अखंड ब्रेक. भारतातील रेल्वेचा कारभार आजही मूलतः याच तीन खांबांवर उभा आहे. चौथे तत्त्व त्याहून सूक्ष्म आहे : यंत्र बिघडले तर ते सुरक्षित बाजूलाच बिघडावे. रुळांतून सोडलेला क्षीण विद्युतप्रवाह गाडीच्या चाकांमुळे खंडित झाला की सिग्नल लाल होतो. पण तार तुटली किंवा बॅटरी संपली, तरीही तो लालच होतो. बिघाडाने गाडी अडेल, परंतु ती भलत्या मार्गावर सोडली जाणार नाही, अशी ही योजना होय. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ हेच तत्त्व निष्फळ ठरले. फाटकानजीकच्या जोडण्यांत मानवी हातांनी केलेल्या फेरबदलामुळे सिग्नल मुख्य मार्गाचा मिळाला आणि सांधा बगलमार्गाकडे वळलेला राहिला. तत्त्व निर्दोष होते. दुरुस्तीच्या कामात ते ओलांडले गेले.

या परंपरेचे अद्ययावत फळ म्हणजे ‘कवच’ ही स्वदेशी प्रणाली. रुळांमध्ये बसविलेल्या खुणपट्ट्या इंजिनाला त्याचे स्थान सांगतात, स्थानकातील यंत्र रेडिओद्वारे पुढील सिग्नलची स्थिती कळविते, आणि चालकाने वेळेवर वेग कमी केला नाही तर ब्रेक आपोआप लागतो. तिला संरक्षेची सर्वोच्च, म्हणजे चौथी पातळी लाभलेली आहे. या पातळीचा अर्थ असा की घातक बिघाडाची संभाव्यता दर तासाला दहा कोटींत एकाहूनही कमी असावी. कालाच्या भाषेत सांगावयाचे तर एक यंत्र अखंड चालविले असता असा बिघाड सरासरीने अकरा हजार वर्षांत एकदाही येऊ नये. विशेष हे की, देशात ज्या मार्गांवर कवच सर्वांआधी बसविले गेले त्यांत दक्षिण मध्य रेल्वेचा बीदर-परळी वैजनाथ-परभणी हा भाग आहे. बीडसारख्या मागास गणल्या गेलेल्या जिल्ह्यातील एक कोपरा या बाबतीत मुंबईच्याही पुढे होता. परंतु हे कवच ज्या धोक्यापासून वाचविते तो धोका आहे टकरीचा आणि अतिवेगाचा. रूळ ज्या मातीवर टेकले आहेत, त्या मातीविषयी त्याला काहीच ठाऊक नसते.

मातीचा प्रश्न बीडमध्ये दुय्यम नाही. नवा मार्ग बालाघाटाच्या पठारावरून बिंदुसरेच्या खोऱ्याकडे उतरतो. वाटेत कोठे काळ्या पाषाणातील खोदाई आहे, तर कोठे काळ्या मातीच्या प्रदेशातील उंच भराव. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पाडून आकसते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मातीतील एका विशिष्ट चिकण खनिजाच्या थरांमध्ये पाणी शिरते व थर एकमेकांपासून दूर सरतात, हे त्याचे कारण. अशा मातीवर थेट खडी टाकली, तर गाडीच्या भाराखाली ओली माती खडीत वर चढते आणि खडी मातीत खाली रुतते. भरावाच्या पोटात खडीचे खळगे तयार होतात, त्यांत पाणी साठते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा भराव आतून मऊ होत जातो. म्हणून माती आणि खडी यांच्यामध्ये मुरूम किंवा तत्सम भरड पदार्थाचा जाड थर द्यावा लागतो, उतार सौम्य ठेवावे लागतात आणि पाण्याला बाजूच्या नाल्यांनी वाट करून द्यावी लागते. नव्या भरावाने निदान काही पावसाळे पाहिल्याशिवाय त्यावर पूर्ण वेगाची परवानगी देऊ नये, हा अभियंत्यांचा संकेत या अनुभवातूनच आलेला आहे. उद्घाटनानंतर गाडी संथ का धावते अशी तक्रार करणाऱ्या प्रवाशाला त्या संथपणात एक हिशेब आहे याची सहसा कल्पना नसते.

भारतीय रेल्वेच्या सर्वांत भीषण अपघातांपैकी काही टकरीचे नव्हते, ते पाण्याचे होते. २ सप्टेंबर १९५६ रोजी महबूबनगरजवळ पुराने पूल खचला व शंभरहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. महबूबनगर त्या वेळी हैदराबाद राज्यात होते, आणि बीड जिल्हाही त्याच राज्यात होता. दोन महिन्यांनी राज्यपुनर्रचना होऊन दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. तत्कालीन रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. नोव्हेंबरात तमिळ मुलखातील अरियलूर येथे पुन्हा तसाच प्रकार घडला तेव्हा मात्र तो स्वीकारला गेला. राजीनाम्याची ही कथा सर्वांना पाठ आहे. पुलाखालच्या पाण्याचा हिशेब कसा चुकला, याची कथा अभ्यासक्रमातही क्वचित येते. जवळजवळ अर्धशतकानंतर, २९ ऑक्टोबर २००५ रोजी, आंध्रातील वलिगोंडाजवळ वरच्या अंगाचा तलाव फुटला, त्या लोंढ्याने लहानसा पूल वाहून नेला आणि पहाटेच्या अंधारात गाडी त्या रिकाम्या जागेत कोसळली. तेथेही बळींची संख्या शंभराच्या वर गेली.

वलिगोंड्याचा धडा बीडला विशेष लागू आहे. मोरीची किंवा पुलाची रुंदी ठरविताना पाणलोट क्षेत्र, पर्जन्यमान आणि अमुक वर्षांतून एकदा येणारा पूर यांचे गणित मांडले जाते. तलाव फुटून येणारे पाणी या गणितात बसत नाही. ते पावसाच्या प्रमाणात येत नाही, साठ्याच्या प्रमाणात येते. आणि तासांत येत नाही, मिनिटांत येते. यासाठी रेल्वेच्या लेखी ‘मार्गास बाधक ठरू शकणारे तलाव’ असा स्वतंत्र वर्ग असून त्यांची नोंदवही ठेवणे व पावसाळ्यापूर्वी राज्याच्या अधिकाऱ्यांसह त्यांची पाहणी करणे हा नेम आहे. बीड जिल्हा दुष्काळी. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर मराठवाड्यात पाझर तलाव, नालाबांध व गावतळी मोठ्या संख्येने झाली. ज्या बांधांनी दुष्काळाची जोखीम कमी केली, तेच बांध आता लोहमार्गाच्या वरच्या अंगाला बसले आहेत. त्यांतील काही जिल्हा परिषदेकडे, काही जलसंधारण खात्याकडे. रेल्वेकडे यांपैकी एकही नाही. धोका एका संस्थेच्या ताब्यात आणि परिणाम दुसरीच्या पदरात, अशी ही विभागणी आहे, आणि जोखमीच्या व्यवस्थापनातील सर्वांत अवघड प्रकरणे याच प्रकारची असतात.

येथे संभाव्यतेच्या गणितातील एका सापळ्याचा विचार केला पाहिजे. समजा, तलाव फुटण्यापासून गाडी वाचविण्यासाठी तीन फळ्या उभ्या आहेत : तलावाचा सांडवा, रुळांवरील रात्रीची गस्त, आणि स्थानकाला इशारा पोचविणारा दूरध्वनी. प्रत्येक फळी शंभरांत एकदा निकामी होते असे धरले, तर तिन्ही एकाच वेळी निकामी होण्याची संभाव्यता दहा लाखांत एक, असे उत्तर येते व ते मनाला फार दिलासा देते. हे उत्तर चूक आहे. तिन्ही फळ्या परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच गुणाकार चालतो. ज्या रात्री सांडवा अपुरा पडेल इतका पाऊस कोसळतो, त्याच रात्री गस्तवाल्याला ओढा ओलांडता येत नाही आणि त्याच रात्री वीज व दूरध्वनी बंद पडतात. समाईक कारण तिन्ही फळ्या एकदम पाडते. मग संभाव्यता दहा लाखांत एक न राहता कदाचित शंभरांत एकाच्या जवळ जाते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी भोके असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा देऊन सांगितले की, सर्व चकत्यांतील भोके एका रेषेत आली म्हणजे अपघात होतो. उपमा मार्मिक खरी, पण ती योगायोगावर भर देते. मराठवाड्यातील पाऊस भोकांना एका रेषेत आणण्याचे काम योगायोगावर सोपवीत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये, बीडला गाडी पोचली त्याच महिन्यात, अतिवृष्टीने मराठवाड्यातील नद्यांना मोठे पूर आले होते, हे या संदर्भात विसरता येत नाही.

पावसाळी गस्त हा उपाय दिसण्यात अगदी साधा आहे. कंदील किंवा विजेरी, लाल बावटा आणि रुळावर ठेवावयाचे स्फोटक फटाके घेऊन एक माणूस रात्रभर रुळांवरून चालतो. रूळ वाहून गेलेले दिसले तर त्याने त्या जागेपासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावावयाचे असतात. हे आकडे मनमानीने ठरलेले नाहीत. वेगातील गाडीला थांबण्यास जवळपास एक किलोमीटर लागतो, आणि इंजिनाच्या दिव्याचा प्रकाश तितका दूर पोचत नाही. चालकाला दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून त्याला आधीच ऐकू आले पाहिजे. अकरा हजार वर्षांत न बिघडणारे यंत्र आणि अंधारात चिखल तुडवीत जाणारा एकटा गस्तवाला, ही दोन्ही एकाच व्यवस्थेची अंगे आहेत. त्यांपैकी दुसऱ्यावर खर्च फारच थोडा होतो.

दुसरे स्थलांतर फाटकांचे. मानवरहित फाटकांवरील अपघातांनी देशात दीर्घकाळ मोठा बळी घेतला. जानेवारी २०१९ पर्यंत रुंद मापाच्या मार्गांवरील अशी सर्व फाटके नाहीशी करण्यात आली, हे यश निर्विवाद होय. नव्या मार्गांवर तर रस्ता आणि रूळ समपातळीत येऊच द्यावयाचे नाहीत, असे धोरण आहे. रस्ता एक तर वरून जातो, नाही तर भुयारी मार्गाने खालून. पण काळ्या मातीच्या सपाट शिवारात जमिनीखाली खोदलेला भुयारी मार्ग म्हणजे पावसाळ्यातील तळे होय. पाण्याचा निचरा आसपासच्या नाल्याच्या पातळीपेक्षा खाली नेता येत नाही आणि पंप वीज असेल तोवरच चालतो. शिवाय भुयाराची उंची ठराविक असते. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. उसाने काठोकाठ भरलेली ट्रॅक्टरची जोडगाडी ज्या भुयारातून जात नाही, तिचा चालक दुसरी वाट शोधतो. पाण्याने भुयार बंद झाले की शाळकरी मुले भरावावर चढून रूळ ओलांडतात. फाटक असताना निदान तेथे गाडी येते एवढी जाणीव तरी होती. भरावावरच्या पायवाटेला ना फाटक, ना घंटा. मोटारीची टक्कर गेली आणि पादचाऱ्याचा मृत्यू आला, असा हा बदल कागदावर मात्र निखळ सुधारणा म्हणून दिसतो. कारण मोजणीच्या पद्धतीत पहिला ‘रेल्वे अपघात’ आहे, दुसरा ‘अनधिकृत प्रवेश’.

मोजणीचा हा मुद्दा क्षुल्लक नाही. गंभीर परिणामांचे गाडी-अपघात २०००-०१ मध्ये ४७३ होते, ते २०२३-२४ मध्ये ४० वर आले. ही घट खरी आहे आणि तिच्यामागे रूळ, डबे व सिग्नल यांवर झालेला मोठा खर्च आहे. परंतु डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ साली दाखवून दिले की, रूळ ओलांडताना वा रुळांवर चालताना वर्षाला सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांपैकी सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. हे मृत्यू अपघातांच्या त्या आकड्यात येत नाहीत. ८ मे २०२० रोजी पहाटे जालना-औरंगाबाद मार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले १६ स्थलांतरित मजूर मालगाडीखाली सापडले. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. मालगाड्या मात्र चालू होत्या. माणूस रुळांची जोखीम रुळांकडे पाहून ठरवीत नाही, गाड्या किती दिसतात त्यावरून ठरवितो. ज्या भरावावर वर्षानुवर्षे एकही गाडी आली नाही आणि जो गुरे नेण्याच्या, शेतावर जाण्याच्या वाटेचे काम देत राहिला, त्यावर दिवसाला एखाददुसरी गाडी सुरू झाली, तर जुनी सवय चटकन मोडत नाही. दर पाच मिनिटांनी गाडी येणाऱ्या मार्गापेक्षा असा तुरळक गाड्यांचा मार्ग एका अर्थी अधिक फसवा असतो.

आगीचे उदाहरणही पाहण्याजोगे आहे. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी दुपारी आष्टीहून अहमदनगरकडे जाणाऱ्या डिझेलवरील प्रवासी गाडीला नारायणडोहच्या पुढे आग लागली आणि पाच डबे जळाले. आग पसरण्यापूर्वी सर्व प्रवासी खाली उतरले. कोणीही दगावले नाही. अशा गाडीत इंजिन स्वतंत्र नसून प्रवाशांच्या डब्यांबरोबरच जोडलेले असते, म्हणजे इंधन आणि प्रवासी एकमेकांचे शेजारी होतात. मार्गाचे विद्युतीकरण झाले की हे इंधन गाडीतून जाते आणि तिच्या जागी डोक्यावर २५,००० व्होल्टची तार येते. आता याच्याशेजारी २२ जानेवारी २०२५ ची जळगाव जिल्ह्यातील परधाडेजवळची घटना ठेवावी. तेथे आग लागलीच नव्हती. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची आवई उठली, साखळी ओढली गेली, प्रवासी घाबरून शेजारच्या रुळांवर उतरले आणि विरुद्ध दिशेने आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जण मेले. खऱ्या आगीत एकही मृत्यू नाही, खोट्या आगीत बारा. फरक पुष्कळ अंशी मार्गाच्या रचनेत आहे : आष्टीचा मार्ग एकेरी असल्याने गाडीतून उतरलेल्या माणसाला शेजारच्या गाडीचे भय नव्हते. एकेरी मार्गावर समोरासमोर टकरीची जोखीम मोठी आणि ती खंडपद्धतीने आवरलेली; दुहेरी मार्गावर ती जवळजवळ नाहीशी होते, पण दार उघडून उतरणाऱ्याची जोखीम वाढते. मार्ग दुहेरी करण्याच्या प्रस्तावात क्षमतेचा हिशेब असतो, या दुसऱ्या जोखमीचा रकाना सहसा नसतो.

कोणताही नवा मार्ग प्रवाशांसाठी उघडण्यापूर्वी रेल्वे संरक्षा आयुक्तांनी त्याची पाहणी करावी, असे १९८९ चा रेल्वे कायदा सांगतो. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नोकर नसून नागरी विमानवाहतूक मंत्रालयाच्या कक्षेत येतात. गाड्या चालविणाऱ्यानेच गाड्यांची परीक्षा घेऊ नये म्हणून १९४१ साली ही यंत्रणा रेल्वे बोर्डापासून वेगळी करण्यात आली. आयुक्त ट्रॉलीवरून मार्ग पाहतात, पूल व सांधे तपासतात, वेगाची चाचणी घेतात आणि बहुधा काही अटींसह परवानगी देतात. पाहणीत रूळ येतात, भराव येतात, सिग्नल येतात. रेल्वेच्या हद्दीबाहेर वरच्या अंगाला बसलेला पाझर तलाव मात्र त्या ट्रॉलीवरून दिसत नाही. बीडपासून परळीपर्यंतचा उर्वरित मार्ग पूर्ण झाल्यावर मध्य रेल्वेने बांधलेला हा मार्ग परळी वैजनाथ येथे दक्षिण मध्य रेल्वेच्या जुन्या मार्गाला मिळेल. कवच असलेला आणि कवचाची वाट पाहणारा, असे दोन मार्ग एका स्थानकाच्या आवारात एकत्र येतील. तेथे गाडी एका विभागाच्या हाती सोपविताना सिग्नलच्या सांगडीची जबाबदारी नेमकी कोणत्या खांबापाशी बदलते, आणि पावसाळ्याआधी तलावांची नोंदवही घेऊन दोन्ही विभागांचे अभियंते जिल्हा परिषदेच्या अभियंत्याबरोबर एकत्र फिरतात की वेगवेगळे, या दोन गोष्टी पहिली गाडी सुटण्यापूर्वी लेखी ठरवाव्या लागतील.